‘आराम करा’ म्हणता, मग काम कोण करणार?

संधिवात झालेल्या बाईला दोन तऱ्हेची माणसं भेटतात. पहिली म्हणतात, “हातपाय तर धड दिसायलेत, मग दिवसा कामून निजायलीस?” दुसरी शिकलेली असतात. ती मायेनं म्हणतात, “ताई, तुम्ही आराम करा. जास्त ओढू नका.” पहिल्यांचा राग येतो, दुसऱ्यांचं बरं वाटतं. पण नऊ वर्षं हे दुखणं अंगावर वागवल्यावर माझं मत झालंय की या दोघांत फारसा फरक नाही. पहिल्यांना बाईचा थकवा दिसत नाही आणि दुसऱ्यांना बाईचं काम दिसत नाही. “आराम करा” म्हणणाऱ्या एकानंही आजवर मला विचारलेलं नाही की तुम्ही आराम केलात तर भाकरी कोण थापणार, पाणी कोण भरणार, धुणं कोण पिळणार?

मैत्रिणींनो, हा प्रश्न खाजगी वाटतो. ज्याच्या त्याच्या घरचा वाटतो. तो तसा नाही, एवढंच मला या लेखात सांगायचं आहे. बाईचं दुखणं शरीराचं असतं, पण तिचा थकवा घरातल्या कामाच्या वाटणीतून दुप्पट होतो. ती वाटणी तशीच ठेवून थकव्यावर इलाज सांगणं म्हणजे फुटक्या रांजणात पाणी ओतणं.

कंटाळा नव्हे, थकवा

आधी दुखण्याबद्दल सांगते, कारण आपल्याकडे ‘वात’ या एका शब्दात सगळं कोंबलेलं असतं. उतारवयात गुडघे झिजतात तो एक प्रकार. २००६ साली महाराष्ट्रात चिकुनगुन्याची मोठी साथ आली, त्यानंतर कित्येकींचे सांधे महिनोन् महिने दुखत राहिले, तो दुसरा. तेव्हापासून आमच्याकडे कुठलीही सांधेदुखी म्हणजे “चिकनगुन्या अंगात राहिलाय” असंच म्हणतात. मला आहे तो तिसरा प्रकार, ऱ्हुमॅटॉइड संधिवात, ज्याला बरेच जण आमवात म्हणतात. यात शरीराची रोगाशी लढणारी यंत्रणाच उलटते आणि आपल्याच सांध्यांच्या अस्तरावर हल्ला करते. दोन्ही हातांची बोटं, मनगटं, पावलांचे लहान सांधे सुजतात. सकाळी उठल्यावर तासभर, कधी त्याहून जास्त, बोटं मिटत नाहीत. हा म्हातारपणाचा आजार नाही. तिशी-चाळिशीत, कधी बाळंतपणानंतरच्या महिन्यांत तो सुरू होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०१९ साली जगात १ कोटी ८० लाख माणसांना हा आजार होता आणि त्यांतल्या शंभरातल्या ७० बाया होत्या.

हे आजार शहरातल्या बसून काम करणाऱ्यांचे, असंही कोणी समजू नये. १९९६ साली पुणे जिल्ह्यातल्या भिगवण गावात डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरोघर जाऊन पाहणी केली. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकारानं ठरलेली ती पद्धत होती. चार हजारांवर मोठ्या माणसांना विचारलं तेव्हा शंभरातल्या सुमारे १८ जणांना हाडा-सांध्यांचं, स्नायूंचं दुखणं निघालं. ऱ्हुमॅटॉइड संधिवात दोनशे माणसांत एकाला. दोनशेत एक म्हणजे थोडं वाटतं. पण चार हजारांच्या गावात ती वीस माणसं होतात, त्यांत बाया जास्त, आणि त्यांतल्या कितीजणींना आपल्या दुखण्याचं नाव ठाऊक असतं? मला कळायला तीन वर्षं लागली. तोवर दर महिन्याला एक सुई आणि कागदात बांधलेल्या गोळ्या. सुई घेतली की चार दिवस पाखरासारखं हलकं वाटायचं, पाचव्या दिवशी पुन्हा तेच. ते स्टेरॉइड होतं हे मला फार पुढं, दुसऱ्या गावच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं तेव्हा समजलं.

आता थकव्याचं. दुखणं दाखवता येतं, सुजलेलं बोट पुढं करता येतं. थकवा कसा दाखवणार? अंगात कणकण असते आणि ताप मोजला तर नसतो. रात्रभर निजलं तरी शीण जात नाही. सकाळच्या अकरा वाजता असं वाटतं की दिवसभर सोयाबीन कापून आलेय, आणि झालेल्या असतात फक्त आठ भाकरी. घरच्यांना वाटतं हा कंटाळा आहे. हा कंटाळा नाही. सांध्यांना सूज आणणारी जी द्रव्यं रक्तात फिरतात, तीच अंगाला आणि डोक्याला थकवतात. फ्लूचा ताप येऊन गेल्यावर चार दिवस जसं गळून जायला होतं, तसं महिनोन् महिने चालू राहतं. त्यात दुखण्यानं झोपमोड होते, ती भर. त्यात रक्त कमी. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या शंभरातल्या ५४ बायांच्या अंगात रक्त कमी निघालं. म्हणजे निम्म्याहून जास्त बाया आधीच अर्ध्या ताकदीवर घर चालवतात, त्यावर हा आजार येऊन बसतो. आणि एक गोष्ट नीट लक्षात घ्या. औषधानं सूज उतरली तरी थकवा पुष्कळदा मागं राहतो. म्हणून “आता तर बोटं बरी दिसायलीत, मग काय झालं?” हा प्रश्न चुकीचा आहे.

घड्याळ कोणाच्या हातावर?

साखऱ्यातल्या कोणत्याही बाईचा दिवस घ्या. झाडलोट, शेण, पाणी, चहा, भाकरी, पोरांचे डबे, धुणं, भांडी. मग शेतात खुरपणी, नाहीतर कापूस वेचणी. हळदीच्या दिवसांत तर विचारू नका. हिंगोली-वसमतची हळद सगळ्या देशात जाते, वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्याचा अभिमान मलाही आहे. पण जमिनीतून निघालेले कंद वेचणं, त्यांची माती झाडणं, जेठे गड्डे बाजूला करून हळकुंडं मोडणं हे बोटांचं काम दिवसभर उन्हात बसून करतं कोण? बाया. शेतातून आल्यावर पुन्हा चूल आहेच. यातलं एकही काम असं नाही की ज्याला मनगट लागत नाही. पीठ मळायला मनगट, भाकरी थापायला तळवा, धुणं पिळायला दहाही बोटं, हंडा उचलायला खांदा. जे सांधे या आजारात सगळ्यांत आधी जातात, त्यांच्याच जिवावर घर उभं आहे.

सरकारनं २०१९ साली देशभर पाहणी केली, माणसं दिवसाचा वेळ कशात घालवतात याची. घरकाम करणाऱ्या बाया दिवसाला २९९ मिनिटं त्यात घालवतात, पुरुष ९७ मिनिटं. तेही जे पुरुष घरकाम करतात त्यांचं, आणि असे पुरुष शंभरात २६ होते. पाच वर्षांनी, २०२४ साली पुन्हा मोजलं तर बायांची मिनिटं २८९ आणि पुरुषांची ८८. म्हणजे बायांचं काम दहा मिनिटांनी कमी झालं, आणि पुरुषांचंही नऊ मिनिटांनी कमीच झालं! आमची दहा मिनिटं त्यांनी उचलली असं काही झालेलं नाही.

या पाहणीत निरोगी बाई आणि आजारी बाई असा वेगळा हिशेब नाही. मी माझ्यापुरता करून पाहिला. दुखणं नसताना जे धुणं अर्ध्या तासात व्हायचं त्याला आता सव्वा तास लागतो, कारण मधे मधे बोटं सोडवावी लागतात. म्हणजे आजारी बाईचं काम कमी होत नाही, वाढतं. तितकंच काम ती जास्त वेळ, जास्त दुखणं सोसून करते, आणि वर ऐकते की “हल्ली हिला काही उरकत नाही.”

जानेवारी २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टानं कीर्ती खटल्यात सांगितलं की घर सांभाळणाऱ्या बाईच्या कामाला किंमत आहे, ते काम म्हणजे काही नाही असं समजणं चूक आहे. न्यायमूर्ती रमणा यांनी त्या वेळी हीच मिनिटांची पाहणी पुढं ठेवली होती. निकाल चांगला आहे, पण तो कशाचा होता ते आठवा. अपघातात गेलेल्या नवरा-बायकोच्या मागं राहिलेल्यांना नुकसानभरपाई किती द्यायची, याचा तो खटला. बाई मेली की तिच्या स्वयंपाकाचा, धुण्याचा हिशेब रुपयांत होतो. ती जिवंत असताना, हातानं होत नाही म्हणते तेव्हा तिच्या कामाला किंमत नसते, फक्त उशीर झाल्याबद्दल बोलणी असतात.

हळद-दुधाचे सल्ले

सल्ले तर आजाराच्या आधी घरात शिरतात. मेथी खा, आंबट सोड, लसूण तेलात कढव, हळद-दूध पी. मी हळदीच्या मुलखातली बाई आहे. हळदीनंच हा आजार जात असता तर हिंगोली जिल्ह्यात एकाही बाईचं बोट वाकडं झालं नसतं. हळद भाजीत घालावी, दुधात घालावी, माझी हरकत नाही. पण सल्ला देणाऱ्याचं पुढं काही जात नाही आणि औषध मागं पडतं, ते दुखणं बाईच्या हाडाला लागतं. या आजारात पहिली एक-दोन वर्षं मोलाची असतात. त्या काळात नीट औषध सुरू झालं तर सांधे वाचतात, नाहीतर एकदा झिजलेलं हाड परत येत नाही.

आणि औषध आहे. फार महागडंही नाही. मेथोट्रेक्सेट, हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, सल्फासॅलाझिन ही नावं राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत. पण त्यांची माहिती गोळ्यांबरोबर मिळत नाही, म्हणून इथं सांगते. या आजारात मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी घ्यायचं असतं. रोज घेतलं तर जिवावर बेततं. त्याच्या जोडीला फॉलिक ॲसिडची गोळी असते, आणि मधून मधून रक्त तपासावं लागतं. दिवस राहण्याचा विचार असेल तर आधीच डॉक्टरांना सांगून ते बंद करावं लागतं, गर्भाला धोका असतो. आता सांगा, आपल्याकडे लेकीसुनांना मूल कधी हवं हे ठरवायची मोकळीक किती? म्हणजे गोळीचा प्रश्नसुद्धा शेवटी बाईच्या हक्कापाशी येतो.

औषधासाठी जावं लागतं तेही बघा. सांध्यांचा खास डॉक्टर मोठ्या शहरात. एका फेरीत रोजगार बुडतो, गाडीभाडं जातं, सोबत कोणीतरी लागतं. म्हणून घरात हिशेब होतो. बैल बसला तर डॉक्टर त्याच दिवशी येतो, बाई बसली तर “सुगी होऊ दे, मग बघू.” हे मी उगाच कडू होऊन लिहीत नाही. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांच्या गर्भपिशव्या काढल्या गेल्याचं प्रकरण २०१९ साली गाजलं, डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमावी लागली. एक दिवस काम चुकलं की मुकादमाचा खाडा. पाळीचं दुखणं कामाच्या आड येतं तर पिशवीच काढा! बाईच्या शरीराकडे बघायची रीत तिथं आणि घरात एकच आहे. ते काम करेल अशा बेतानं दुरुस्त करायचं, ते बरं व्हावं म्हणून नाही.

आईचं दुखणं, लेकीचा वनवास

आता या सगळ्यातली सगळ्यांत मोठी गोष्ट. बाईचा हात थांबला की काम थांबत नाही. ते दुसऱ्या बाईच्या हातात जातं. सासू असेल तर सासूच्या, जाऊ असेल तर जावेच्या, आणि बहुतेक घरांत लेकीच्या.

माझा आजार वाढला तेव्हा मुलगी आठवीत होती, मुलगा दहावीत. दोघं एकाच घरात वाढलेले, दोघांनाही दोन दोन हात. घरात बैठक बसली. कोणी म्हणालं, “पोरीला आता तेवढं शाळेतून लवकर येऊ द्या, आईला हातभार होईल.” कोणी म्हणालं, “तिला तरी शिकून कुठं कलेक्टर व्हायचंय?” मुलाचं नाव एकाच्याही तोंडून आलं नाही. ही माणसं दुष्ट नव्हती. माझ्यावर जीव असणारीच होती. त्यांना खरोखर सुचलंच नाही. मी म्हटलं, “आत्याबाई, माझा आजार मला झालाय, पोरीला शिक्षा कामून? दोघं पोरं आहेत, दोघांत वाटा. आणि यांनाही हात आहेत.” त्या दिवशी घरात जेवण कडू झालं. नवरा दोन दिवस बोलला नाही.

मी हटले नाही. आज मुलगी अकरावीला आहे, सायन्स घेऊन शिकते. मुलगा भाकरी करतो. वेड्यावाकड्या होतात, पण पोट भरतं. नवरा पाणी भरतो आणि धुणं पिळून देतो, मी वाळत घालते. पहिल्या वर्षी तो हे सगळं अंधार पडल्यावर करायचा, कोणी बघू नये म्हणून. आता उजेडात करतो. याबद्दल गावात त्याचं कौतुक फार होतं. “नशीबवान आहेस बाई, असा नवरा मिळाला.” अहो, मी वीस वर्षं दोघांचं धुणं पिळलं, तेव्हा त्याला कोणी नशीबवान म्हणालं नाही! त्यानं केलं ते चांगलं केलं, पण ते उपकार नव्हेत. तेवढी वाटणी पहिल्यापासून व्हायला हवी होती.

माझं जमलं, कारण माझं माहेर जवळ आहे, बचत गटाच्या बाया पाठीशी होत्या आणि मला बोलता येतं. ज्यांना यातलं काही नाही त्यांचं काय होतं? आमच्या भागातल्या एका मैत्रिणीला आजार झाल्यावर वर्षभरात ‘बरी होईस्तोवर’ म्हणून माहेरी धाडलं. चार वर्षं झाली. तिच्या घरात आता दुसरी नांदते. चळवळीनं परित्यक्तांचा प्रश्न उचलला त्याला कित्येक वर्षं झाली. त्यांत आजारपणामुळं टाकलेल्या किती, हे आपण कधी वेगळं मोजलं का? नवऱ्याला पक्षाघात झाला तर बाई जन्मभर त्याचं करते आणि तिला पतिव्रता म्हणतात. बाईची बोटं वाकली तर तिला माहेरचा रस्ता. ही कुठली न्यायाची तागडी?

सोशिकपणाचे सत्कार नकोत

आठ मार्चला हल्ली गावोगावी सत्कार होतात. सूत्रसंचालन करणारे सांगतात, “या ताईंना एवढा आजार, पण कधी कामाला नाही म्हटलं नाही.” टाळ्या पडतात. शाल, श्रीफळ, फोटो. मला या टाळ्यांची भीती वाटते. जी बाई दुखणं गिळून राबते ती आदर्श ठरली, की जी दुखतंय म्हणते ती आपोआप कामचुकार ठरते. सोशिकपणा हा बाईचा गुण म्हणून गाणारी माणसं तिच्या कामावर जेवणारी असतात. हे समजायला फार शिकावं लागत नाही.

सरकारचंही तसंच. २०२४ साली ‘लाडकी बहीण’ आली, खात्यात दीड हजार रुपये पडायला लागले. बाईच्या नावावर पैसा येणं वाईट नाही, त्यातून कोणी औषध आणलं असेल. पण बहिणीच्या हातातलं धुणं त्यामुळं कोणी घेतलं नाही. महात्मा फुले जन आरोग्य योजनेचा भर दवाखान्यात दाखल होऊन घ्यायच्या उपचारांवर आहे. आमचा आजार दाखल व्हायचा नाही, महिन्याच्या महिन्याला गोळी आणि रक्त तपासणीचा आहे. मधुमेह, रक्तदाब, कॅन्सर यांच्यासाठी राष्ट्रीय कार्यक्रम आहे आणि तो हवाच. पण संधिवाताला त्यात जागा नाही. २०१६ च्या अपंग हक्क कायद्यात २१ प्रकार मोजले आहेत, त्यांत या आजाराचं नाव नाही. चालण्या-धरण्याच्या अपंगत्वात बसायचं, तर सांधे किती निकामी झाले ते बघणार, आणि ४० टक्के भरलं तर सवलती. म्हणजे हाड वाकडं होईस्तोवर थांबा, मग या. थकव्याला टक्केवारीच नाही.

चळवळीतल्या मैत्रिणींना

आणि आता आपल्याच घरातलं बोलते. राग मानू नका, मीही याच घरातली आहे.

बाईच्या आरोग्यावर आपण मोठमोठ्या लढाया केल्या. गर्भलिंग चाचणीविरुद्ध देशातला पहिला कायदा १९८८ साली महाराष्ट्रात झाला, तो चळवळीच्या रेट्यानं. गर्भनिरोधक इंजेक्शनांविरुद्ध आपण कोर्टात गेलो. त्या लढाया रास्तच होत्या. पण सगळ्या गर्भाशयाभोवती होत्या. सरकारला बाईचं गर्भाशय दिसतं, आणि त्याच्याशी भांडता भांडता आपल्यालाही तेवढंच दिसायला लागलं. तिचं मनगट, तिचा गुडघा, तिची पाठ, ज्यांवर ती तीस-चाळीस वर्षं घर आणि शेत वाहते, त्यांच्यासाठी आपला एक मोर्चा निघाला नाही.

आपल्या घोषणाही बघा. आम्ही अबला नाही, आम्ही दुबळ्या नाही, आम्ही कशातही कमी नाही. ऐकून उर भरून येतो. पण ज्या दिवशी मला उशीवरून मान उचलवत नाही, त्या दिवशी या घोषणेत माझी जागा कुठं? बाई ताकदवान आहे म्हणून तिला हक्क द्या, असं म्हणत गेलो तर जिची ताकद गेली तिचा हक्कही जातो. हक्क ताकदीचा नसतो, माणूस असण्याचा असतो.

शिबिरात सकाळी सात ते रात्री दहा सत्रं. सतरंजीवर मांडी घालून बसायचं. तिसऱ्या मजल्यावरचा हॉल. मोर्चा पाच किलोमीटर. जी येत नाही तिच्याबद्दल, “घरातून सोडत नसतील,” नाहीतर “हल्ली तिला उत्साह नाही.” मालक आणि सासू जे बोलतात तेच शब्द आपल्या तोंडी यावेत का?

मग करायचं काय?

आम्ही मराठवाड्यातल्या बाया टँकरचं पाणी पुरवून वापरायला शिकलो आहोत. प्यायचं आधी, मग स्वयंपाकाचं, मग जनावरांचं, उरलं तर अंघोळ. पिंप रिकामं झालं तर पिंपाला कोणी कामचुकार म्हणत नाही. अंगातलं बळ असंच मोजून वापरावं, असं डॉक्टरही सांगतात. काम तुकड्या-तुकड्यानं करावं, मधे बसावं, जड काम एका दिवशी ओढू नये, आणि पार निजूनही राहू नये, झेपेल तेवढं चालावं, सांधे हलवावे. हे सगळं खरं आहे आणि उपयोगाचं आहे.

पण बळ पुरवून वापरताना बाई आधी काय कापते ते बघा. स्वतःचं डोकं विंचरणं, स्वतःचं गरम जेवण, दवाखान्याची फेरी, गटाची बैठक, शेजारणीशी दोन घटका बोलणं. नवऱ्याची ताजी भाकरी सगळ्यांत शेवटी. हा क्रम उलटा करायला पाहिजे. पहिला तांब्या स्वतःसाठी. औषध, झोप, थोडी हालचाल आणि मैत्रिणी. उरलेल्या पाण्यात जेवढं होईल तेवढं घरकाम, आणि जे होणार नाही ते घरातल्या बाकी हातांनी करायचं. ती मदत नव्हे, त्यांच्या वाट्याचं काम आहे.

सरकारकडे आपल्या मागण्या साध्या आहेत:

१. प्राथमिक आरोग्य केंद्रात तीस वर्षांवरच्या प्रत्येक बाईला सकाळी सांधे आखडतात का, हे विचारलं जावं आणि संशय असेल तर रक्त तपासणी तालुक्यालाच व्हावी.

२. संधिवाताची औषधं महिन्याच्या महिन्याला सरकारी दवाखान्यात फुकट मिळावीत, आणि गोळी कशी घ्यायची ते मराठीत लिहून मिळावं.

३. सांध्यांच्या तज्ज्ञाची महिन्यातून एकदा तरी जिल्ह्याच्या दवाखान्यात ओपीडी असावी.

४. अपंगत्वाचा दाखला देताना वाकलेलं हाड तेवढं न मोजता, बाईला रोजचं काय करता येत नाही तेही मोजावं.

आणि आपल्याकडून? बैठकीत दोन खुर्च्या, दुपारी तासभर पडायची सोय, मोर्च्यात एक गाडी. हे करायला सरकारचा जी.आर. लागत नाही.

शेवटी एक काम सांगते, याच महिन्यात करता येण्याजोगं. आपापल्या गटाच्या पुढच्या बैठकीत प्रत्येक बाईला दोन प्रश्न विचारा. सकाळी उठल्यावर तुझी बोटं किती वेळ आखडलेली असतात? आणि तू एक दिवस निजलीस तर तुझ्या घरातलं काम कोण करतं? पहिल्या प्रश्नाचं उत्तर अर्ध्या तासाहून जास्त आलं तर तिला घेऊन दवाखान्यात जा, एकटी धाडू नका. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘लेक’ असं आलं, नाहीतर ‘कोणीच नाही’ असं आलं, तर तिच्या घरी जा. एकदा गेलं नाही ऐकलं तर दुसऱ्यांदा जा.

— साखरा, ता. सेनगाव, जि. हिंगोली येथील एक कार्यकर्ती